काउच टू फाइव्ह के : नऊ आठवड्यांचा प्लॅन, आम्हाला लागले चौदा

आईने एक दिवस अचानक सांगितलं की मला पळायला शिकायचंय, थोडं नाही, चांगलं लांब, आणि तू सोबत असशील तरच. ती ५८ ची, मी ३१ ची, आणि शाळा सुटल्यापासून दोघीही कधी पळालो नव्हतो. मग शोधाशोध करून आम्ही काउच टू फाइव्ह के, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा, हा फुकट मिळणारा प्लॅन धरला आणि तो आता पूर्ण झालाय, म्हणून हा रिव्ह्यू. खास करून आईवडिलांना सोबत घेऊन सुरू करणाऱ्यांसाठी.

प्लॅन साधा आहे. ९ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस. दरवेळी आधी ५ मिनिटं भरभर चालायचं, मग पहिल्या आठवड्यात ६० सेकंद हळू पळणं आणि ९० सेकंद चालणं असं आलटून पालटून २० मिनिटं. पुढे पळणं वाढत जातं, चालणं कमी होत जातं आणि नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं पळायचं. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसाने हा बनवला, आणि तो बनवताना त्याच्या डोळ्यासमोर त्याची पन्नाशी ओलांडलेली आईच होती! हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मग हाच करू.

आणि खरंच, पहिले चार आठवडे हा प्लॅन दोघींसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. कारण मधेमधे चालायचं असतं ना, त्यामुळे मी दहा पावलं पुढे गेले तरी चालण्याच्या वेळी परत एकत्र यायचो, कोणी मागे राहिलंय असं वाटतच नाही. आईला बीपीची गोळी आहे म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो होतो, हे कृपा करून कोणी टाळू नका. त्यांनी एक फार कामाची गोष्ट सांगितली, की बीपीच्या काही गोळ्या नाडीचे ठोके फारसे वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका, पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. येत नसेल तर स्पीड जास्त आहे. म्हणून आम्ही इअरफोन ठेवले घरी, कधी पळायचं, कधी चालायचं ते सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपचा आवाज माझ्या खिशातून स्पीकरवर, आणि पळता पळता गप्पा. इतक्या गप्पा आम्ही गेल्या कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी, आजीचं आजारपण, काय काय, सगळं मला पळताना कळलं.

मग आला पाचवा आठवडा. पहिल्या दिवशी ५ मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी ८ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी डायरेक्ट २० मिनिटं सलग, मधे चालणं नाहीच. मला जमलं. अ‍ॅप सांगत होतं थांबू नका, चाललंय छान, आणि मी पळत राहिले, आणि मागे वळून बघितलं तर आई लांब मागे कमरेवर हात ठेवून उभी. तिला काही झालं नव्हतं, दम लागला होता इतकंच, पण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही आणि मला माझाच राग आला की मी तिच्यासाठी सुरू केलेल्या गोष्टीत तिलाच सोडून पुढे गेले.

या प्लॅनवर माझा एकच मोठा आक्षेप आहे आणि तो हा. चालणं काढून टाकलं की दोन वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं सोबत पळणं संपतं. आम्ही तो आठवडा तीनदा केला आणि शेवटी आपला बदल केला : ४ मिनिटं पळायचं, १ मिनिट चालायचं, शेवटपर्यंत. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे वर्षानुवर्षं हेच शिकवत आले, की चालण्याचा ब्रेक दमल्यावर नाही, दमायच्या आधी, पहिल्यापासूनच घ्यायचा. आईचा चेहरा पहिल्याच दिवशी बदलला.

दुसरं, ३० मिनिटांत ५ किलोमीटर होतील या भरवशावर राहू नका. आमचे साडेतीन झाले. पूर्ण ५ किलोमीटरला ४२ मिनिटं लागली, चालण्यासकट, आणि आम्हाला त्याचा फार आनंद झाला.

रेस्टचे दिवस मात्र पाळा. मी जोशात एकटी जादा पळून आले दोनतीनदा आणि नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की एक आठवडा पूर्ण बंद. आई तीनच दिवस पळायची, तिला काही झालं नाही. शूज संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. जागा कमी पडल्यामुळे आईचं एक नख काळंनिळं झालं.

पाचपैकी चार स्टार. एकट्याने करणार असाल तर पाच द्या. वयाने मोठ्या माणसासोबत करणार असाल तर चौथ्या आठवड्यानंतर अ‍ॅप आपोआप पुढचा आठवडा उघडतं तिकडे बघू नका, जो हळू आहे त्याला जमेल तेव्हाच पुढे जा, आणि गरज पडली तर चौथाच परत करा, आम्हीही केला. आता १० किलोमीटरचं ठरवलंय. रविवारी एक लांब रन, बोलता येईल इतक्याच स्पीडने. गेल्या रविवारी ७ किलोमीटर झाले, १ तास ३ मिनिटं, आणि शेवटच्या मिनिटाला चालायचा ब्रेक मी मागितला, आईने नाही.