आयर्लंडचा जॅम्बॉन : काही महिने नियमित खाल्ल्यावर

डब्लिनमध्ये नवीन आलेल्यांसाठी आधी ओळख. पेट्रोल पंपावरच्या किंवा स्पार, सेंट्रासारख्या दुकानात डेली काउंटरच्या (तयार गरम खाणं मिळतं त्या काउंटरच्या) काचेमागे सॉसेज रोलच्या शेजारी एक चौकोनी पफ असतो, त्याच्या मधोमध पिवळं चीज डोकावत असतं. तो जॅम्बॉन. पफ पेस्ट्रीचे चारही कोपरे मध्यावर दुमडलेले आणि आत दाट चीज सॉसमध्ये हॅमचे तुकडे. नाव फ्रेंच असलं तरी फ्रान्समध्ये शोधायला जाऊ नका, हा आयरिश डेलीचाच माल आहे. हॅम म्हणजे डुकराचं मांस, त्यामुळे न खाणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. तुकडे काढून खाऊ म्हणाल तर तेही जमत नाही, सॉसलाच हॅमची चव लागलेली असते.

काउंटरवरचे आणि फ्रोझन असे दोन्ही खाऊन झालेलं मत असं : जॅम्बॉन कुठल्या कंपनीचा आहे याने थोडाच फरक पडतो, ओव्हनमधून निघून किती वेळ झाला याने सगळा पडतो. दुकानात गरम पदार्थ ६३ अंशांच्या वर ठेवावा लागतो. सुरक्षिततेसाठी ते योग्यच, पण त्या उबेत सॉसमधली वाफ हळूहळू पेस्ट्रीत मुरते. तळ लिबलिबीत होतो, वरचे कोपरे मात्र सुकून कडक होतात. शिळा जॅम्बॉन काचेबाहेरूनच ओळखता येतो : मधल्या चीजवर नारिंगी, चामड्यासारखी साय धरलेली असते आणि खालच्या कागदावर तेलाचा डाग पसरलेला असतो. सकाळी ऑफिसच्या गर्दीत आणि दुपारी बाराच्या सुमारास माल पटापट खपतो, तेव्हा घ्यावा. चार वाजता उरलेला घेऊ नये. ताजा कधी निघणार हे काउंटरवर बिनधास्त विचारा, सांगतात. आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा, गुंडाळून बंद केली की पाच मिनिटांत पापुद्रे मऊ पडतात.

घरी फ्रोझन भाजलेला काउंटरवरच्यापेक्षा बहुतेक वेळा सरस निघतो. पाकिटावरची वेळ आणि तापमान प्रमाण मानायचं, साधारणपणे फॅन ओव्हनला १८० अंश आणि २० ते २५ मिनिटं लागतात. डीफ्रॉस्ट करू नका. पेस्ट्रीतली चरबी मऊ होऊन पिठात जिरते, मग पापुद्रे सुटत नाहीत. ट्रे ओव्हनमध्येच तापू द्या आणि जॅम्बॉन त्या तापल्या ट्रेवर ठेवा. गार ट्रेवर वरचा रंग येतो तोवर तळ कच्चाच राहतो. एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर १३-१५ मिनिटं पुरतात, त्याहून जास्त तापमानाला कोपरे करपतात आणि मध्य थंडगार राहतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबाच. वरून कोमट वाटला तरी आतला सॉस जीभ भाजण्याइतका गरम असतो, आणि लगेच कापला तर ओघळूनही जातो.

उरलेला गरम करायला मायक्रोवेव्ह अजिबात नको, चिवट चामडं होतं. ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा. आतून वाफाळला पाहिजे, नुसता कोमट चालणार नाही.

स्वतः करायचा असेल तर बाजारात मिळणारी ३२० ग्रॅमची पफ पेस्ट्रीची तयार शीट घ्या, तिचे साधारण ११ सेंटिमीटरचे सहा चौकोन होतात. सॉससाठी २० ग्रॅम लोण्यात २० ग्रॅम मैदा दोन मिनिटं परता, १५० मिली दूध थोडं थोडं घालत घट्ट करा, मग गॅस बंद करून ७० ग्रॅम किसलेलं एमेंटल चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये टाकलं तर चीज फाटतं, तेल सुटतं आणि तारा धरतात. चेडर चवीला चालतं, पण तेल जास्त सोडतं. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट आणि ८० ग्रॅम हॅमचे तुकडे घाला. हॅम आधी कागदाने टिपून घ्या, पाकिटातल्या हॅमला पाणी फार असतं. वरून मीठ नको, हॅम आणि चीज दोन्ही खारट आहेत.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. सारण फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊन चमच्यावर गोळ्यासारखं उभं राहिलं पाहिजे. कोमट सारण भरलं की पेस्ट्री तिथेच वितळते, कोपरे सुटतात आणि सॉस ट्रेवर जळतो. चौकोनाला दीड-दोन चमचे पुरे. कोपऱ्यांच्या टोकांना फेटलेलं अंडं लावून मध्यावर दाबा, वरून अंडं फिरवताना ते कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका, नाहीतर पापुद्रे एकमेकांना चिकटून फुगतच नाहीत. भरलेले चौकोन पुन्हा २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग फॅन ओव्हनमध्ये १९० अंशांवर २० मिनिटं.

विकत घेताना घटक वाचायची सवय लावा. लोण्याच्या पेस्ट्रीचा जॅम्बॉन खारीसारखा चुरचुरतो आणि टाळूला काही चिकटत नाही. मार्जरीन किंवा पाम तेलाचा गरम असेपर्यंत फसवतो, गार होताच टाळूवर मेणचट थर राहतो. हॅमची टक्केवारीही पाहा, काही पाकिटांत ती वाचून चित्रावरचे गुलाबी तुकडे कुठून आले असा प्रश्न पडतो.