मनीप्लांट की मॉन्स्टेरा? खान्देशातल्या घरासाठी

दोन्ही वेली अळूच्या कुळातल्या, मोठ्या झाडाच्या सावलीत खोड धरून वर चढणाऱ्या. मनीप्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा, मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा पट्ट्यातला. दोघांनाही दमट हवा लागते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नेमकी तीच नसते. म्हणून नुसती पानं बघून ठरवू नका. आपला उन्हाळा आणि घरातलं पाणी आधी बघा.

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की मनीप्लांटची वाढ थांबते, पण वेल तग धरते. मॉन्स्टेराची नवी पानं मात्र कडेने करपतात, कारण कोरड्या हवेत पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत. कूलरच्या खोलीत दोघांनाही बरं वाटतं, फक्त झोत थेट पानांवर नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत अजिबात ओतू नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साचत राहतात. आरओचं वाया जाणारं पाणीही त्याच कारणाने नको. बोअरचं जड पाणी मनीप्लांट बऱ्यापैकी सोसतो. मॉन्स्टेराला देताना त्यात निम्मं आरओचं शुद्ध पाणी मिसळा. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, तर खालून मोकळं वाहीपर्यंत गोडं पाणी ओतून माती धुऊन काढा.

शेतातली काळी माती दोघांनाही नको. ओली असताना ती मुळांची हवा कोंडते, वाळली की भेगाळून मुळं तोडते. मनीप्लांटला ६ इंची कुंडी पुरते: २ भाग पोयटा, १ भाग कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), १ भाग गांडूळखत. मॉन्स्टेराला १० ते १२ इंची जड कुंडी घ्या आणि २ भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, प्रत्येकी १ भाग कोकोपीट, परलाइट (हलके पांढरे खडे) आणि गांडूळखत भरा. सोबत वेल चढायला ३ फुटी मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी. हवाई मुळांची बाजू काठीकडे ठेवून खोड बांधा, देठ नाही. नवं पान देठाच्या खोबणीतूनच बाहेर येतं.

पूर्वेची खिडकी दोघांनाही मानवते, पश्चिमेचं ऊन दोघांनाही भाजतं. अंधाऱ्या खोलीत मनीप्लांट जगतो, फक्त पिवळे पट्टे फिके होतात. मॉन्स्टेराची पानं तिथे चिरा न पडता अखंडच राहतात.

उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानं ओल्या फडक्याने पुसा आणि संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा पातळ साबण घालून फवारा.

दोन्हींच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट उंच टांगता येतो. मॉन्स्टेरा जमिनीवरच राहणार, आणि त्याला तीन-चार फूट जागाही लागणार.

मे महिन्यात घर बंद करून गावाला जाणाऱ्यांनी मनीप्लांटच घ्यावा. घरी पाणी घालणारं कोणी असेल, तर मॉन्स्टेरा जरूर आणा, पण जून-जुलैत. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी मुळं चांगली धरतात.