भरतीचे धडे कुठे घ्यावेत: मोठी परिषद की छोटी कार्यशाळा?

भरतीच्या टीमला वर्षातून एकदाच कुठेतरी शिकायला पाठवता येईल एवढंच बजेट असेल, तर हजारो एचआरवाले जमतात त्या परिषदेला पाठवावं, की वीस-पंचवीस जणांच्या कार्यशाळेला? माझं मत आधीच सांगते. मुलाखती सुधारायच्या असतील तर कार्यशाळा. कायदे, सॉफ्टवेअर आणि बाजारातले वारे कळायला हवे असतील तर परिषद.

नाव नोंदवण्याआधी मात्र गेल्या वर्षभरातल्या भरत्यांच्या नोंदी काढून बसा. अर्जच येत नाहीत, की आलेले उमेदवार दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गळतात? ऑफर नाकारली जाते, की रुजू झालेला माणूस कामाला उतरत नाही? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि एका ठिकाणी चारही बरी होत नाहीत.

मोठ्या परिषदांची परंपरा जुनी आहे. ब्रिटनमधल्या सीआयपीडी या एचआरवाल्यांच्या संघटनेची मुळं 1913 पर्यंत जातात, तर अमेरिकेतली तशीच संघटना एसएचआरएम 1948 सालची. अशा संस्थांच्या परिषदेत एकाच वेळी अनेक सत्रं चालतात, आणि त्यातली कायद्यावरची सत्रं चुकवू नयेत. अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे नियम गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहेत. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशा स्वयंचलित साधनांचं भेदभावाच्या दृष्टीने दरवर्षी ऑडिट करावं लागतं आणि उमेदवारालाही तसं कळवावं लागतं. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्याने भरतीसाठी वापरलेलं एआय थेट 'उच्च जोखमी'च्या गटात टाकलंय. हे घरी बसून वाचता येतं, पण रोज अशीच प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाला समोरासमोर शंका विचारता येणं वेगळं.

प्रदर्शनाचा हॉलही उपयोगाचा आहे, फक्त प्रश्न आपले हवेत. विक्रेत्याचा डेमो सुरू होण्याआधीच विचारा: सॉफ्टवेअरने गाळलेले अर्ज मला परत उघडून बघता येतात का? ऑडिट कोणी केलं, कधी केलं, अहवाल दाखवाल का? अ‍ॅमेझॉनने एक प्रायोगिक साधन गुंडाळल्याची बातमी 2018 मध्ये आली होती. आधीच्या दहा वर्षांतले, बहुतेक पुरुषांचे बायोडेटा त्याला शिकवले गेले होते, त्यामुळे बायकांचा उल्लेख असलेल्या अर्जांना ते कमी लेखू लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातून हे निसटू शकतं, तर विक्रेत्याच्या तोंडी हमीवर आपण का विसंबावं?

परिषद उणी पडते ती सरावात. व्याख्यान तासाभरात संपतं, वक्ता बहुधा स्वतःच्या कंपनीचं यशच सांगतो, आणि काही सत्रं प्रायोजकांची असतात. कार्यक्रमपत्रिकेत तशी खूण असते, ती बघूनच दिवस आखा.

आता मुलाखतीकडे येऊ, कारण माझ्या मते भरतीत सगळ्यात जास्त सुधारणा इथेच शक्य आहे. सॅकेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये आधीच्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. उमेदवार पुढे काम कसं करेल याच्याशी ठरीव प्रश्नांच्या, गुण देऊन घेतलेल्या मुलाखतीचा सहसंबंध 0.42 निघाला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे ठरीव मुलाखतही भविष्य सांगत नाही, पण गप्पांपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. परिषदेत हे आकडे स्लाइडवर दिसतात आणि सगळे माना डोलावतात. आपल्या मुलाखती मात्र त्याने बदलत नाहीत.

चांगल्या कार्यशाळेत काय होतं ते बघा. एका उमेदवाराचं उत्तर सगळ्यांना ऐकवलं जातं: "ग्राहक फार चिडला होता, पण आम्ही रात्रभर बसून काम वेळेत दिलं." पाचपैकी गुण द्यायचे, तेही शेजारच्याशी न बोलता. मग कागद उलटतात. कुणी चार दिलेत, कुणी दोन. चार देणाऱ्याला उमेदवाराची चिकाटी आवडली. दोन देणारी विचारते, "या सगळ्यात त्याचं स्वतःचं काम कोणतं होतं?" ते उत्तरात आलेलंच नसतं. इथून खरा अभ्यास सुरू होतो: दोन गुणांचं उत्तर कसं असतं, चार गुणांचं कसं, हे आपल्या पदासाठी लिहून काढायचं आणि पुन्हा गुण द्यायचे. ही चर्चा शे-दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात होऊ शकत नाही.

कार्यशाळेला रिक्रुटरसोबत हायरिंग मॅनेजरलाही, म्हणजे नवा माणूस ज्याच्या हाताखाली येणार त्यालाही, न्या. शेवटचा हो-नाही त्याच्या हातात असतो, आणि "मला माणूस बघताक्षणी कळतो" ही त्याची समजूत एचआरने समजावून जात नाही. स्वतःचे चार आणि शेजारणीचे दोन बघितल्यावर तो ऐकायला लागतो.

मधला मार्गही आहे. बऱ्याच परिषदांच्या आदल्या दिवशी वेगळं शुल्क घेऊन कार्यशाळा असतात. प्रवास एकच आणि सराव पदरात पडतो, म्हणून पैसे असतील तर मी हेच निवडेन. एसएचआरएमचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर ते टिकवायला तीन वर्षांत 60 क्रेडिट, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, लागतात. त्यात एखादी स्वतंत्र कार्यशाळा धरली जाते का, हे आधीच विचारून घ्या. रेकॉर्ड केलेली सत्रं कायद्याच्या उजळणीपुरती ठीक. मुलाखतीच्या चाचण्या स्वतः तयार करणाऱ्या टीमने मात्र औद्योगिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे सिऑपच्या वार्षिक परिषदेचा विचार करावा.

आणि तुमचं दुखणं ऑफर नाकारली जाण्याचं असेल, तर तूर्त कुठेच नाव नोंदवू नका. गेल्या वर्षी ज्यांनी नकार दिला त्यांना फोन करा आणि पगार, उशीर की मुलाखतीतली वागणूक, कशामुळे नको म्हणाले ते विचारा. उशीर हे कारण निघालं, तर ऑफरच्या पत्रावर किती जणांच्या सह्या लागतात ते आधी मोजा.