जड ट्रंक: ढकलावी की ओढावी?

भरलेली लोखंडी ट्रंक, ४० किलोची. गुरुत्वत्वरण १० धरलं तर वजन ४०० न्यूटन. फरशीशी घर्षण गुणांक (फरशीवरच्या दाबाच्या किती पट घर्षण, तो आकडा) ०.४ समजू.

मागून वाकून ढकलताना हात तिरके खाली जातात. हा आडव्या रेषेशी होणारा कोन ३० अंशांचा असेल, तर जोराच्या निम्म्याएवढा उभा घटक ट्रंक फरशीवर दाबण्यातच खर्ची पडतो. फरशीची लंब प्रतिक्रिया (तिने ट्रंकेला वर दिलेला उलट जोर) वाढते आणि तिच्या पटीत घर्षणही. लावलेला जोर ब धरला, तर पुढे नेणारा घटक ०.८७ब. म्हणजे ०.८७ब = ०.४(४०० + ०.५ब), ब येतो सुमारे २४० न्यूटन.

कडीला दोरी बांधून त्याच कोनात वर ओढा. आता उभा घटक ट्रंक थोडी उचलतो, म्हणून कंसातल्या अधिकच्या जागी उणे येतं, बस्स. जोर १५० न्यूटन! पाठ्यपुस्तकांत इथे हमखास रोलर असतो, पण रोलरने जमीन दाबायचीच असते, म्हणून मला ट्रंकच बरी वाटते.

दोरी फार उभी धरण्यातही अर्थ नाही. ६० अंशांवर १८९ न्यूटन लागतात, कारण पुढे नेणारा घटकच रोडावतो. सर्वांत कमी जोर साधारण २२ अंशांवर लागतो. ढकलण्याचं मात्र कोन वाढेल तसं बिघडतच जातं: ६८ अंशांच्या पुढे पहिलवान आणला तरी ट्रंक जागची हलणार नाही, कारण जोर वाढवला की पुढे नेणाऱ्या घटकापेक्षा घर्षणाची मर्यादाच जास्त वाढते.

दोरी नसेल तर खाली बसून अगदी आडवं ढकला. १६० न्यूटनमध्ये काम होतं.