सिंकवर ‘नॅनो कोटिंग’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

स्वयंपाकघरातील सिंक आणि नळ यांवर पाच वर्षे डाग पडणार नाही, असे ‘नॅनो कोटिंग’ करून देतो, असे सांगून माझ्याकडून 6,500 रुपये उकळण्यात आले; त्यांपैकी 4,000 आगाऊ आणि 2,500 काम संपल्यावर. आज सिंकच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली आहेत, नळाचा मुलामा उडून आतले पिवळे पितळ दिसते आहे आणि पावतीवरचा फोन बंद आहे.

दारोदारच्या प्रात्यक्षिकांचे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत, मलाही होते, म्हणूनच मी आधी पुरावा मागितला. कोटिंग करायला आलेल्या माणसाने खिशातून लोहचुंबक काढून सिंकला लावला आणि तो नीट चिकटत नाही, म्हणजे तुमचे स्टील हलके, 202 ग्रेडचे आहे, असे ठामपणे सांगितले. ही शुद्ध थाप होती. 202 आणि त्याहून चांगले मानले जाणारे 304 या दोन्ही ग्रेडचे स्टील साधारणपणे चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने त्यांच्यातला फरक कळूच शकत नाही. तळाशी तपकिरी ठिपके होते, ते त्याने ‘आतून येणारा गंज’ म्हणून दाखवले. प्रत्यक्षात तारेच्या घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागावर अडकून गंजतात आणि असेच ठिपके दिसतात. तारेची घासणी सिंकला लावूच नका.

त्यानंतरचा क्षण आठवला की अजूनही संताप होतो. बाटलीतला द्रव त्याने अर्ध्या सिंकवर फिरवला, तो भाग लख्ख झाला, पण त्याच वेळी दोन-चार थेंब ओट्याच्या सांध्यातील सिमेंटवर पडले आणि तिथे फसफसून पांढरा फेस आला, नाकालाही झोंबले. सिमेंटवर फेस आणणारा द्रव हा आम्लच असतो, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तर स्टेनलेस स्टीलचा शत्रू आहे. मी लगेच विचारले होते. ‘क्लीनर स्ट्राँग आहे, कोटिंग बसले की वास जाईल’ असे उत्तर मिळाले. तोंडावर इतक्या सहज खोटे बोलणाऱ्या माणसापुढे कोणाचेही काही चालले नसते. पुढे त्याने चोळलेल्या तेलकट थरावरून पाण्याचे थेंब घरंगळताना दाखवले आणि ते पाहून मी उरलेले पैसे दिले. तो थर गरम पाणी आणि साबणाने निघून गेला.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. जे संरक्षण धातूला स्वतःच मिळते, ते पैसे घेऊन विकणे हीच मुळात लबाडी आहे. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल या थरावरच घाव घालतात.

पोलीस चौकीत गेले तर ‘तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवले. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवलेत, त्यामुळे व्यवहार फिरवता येणार नाही. एका तक्रार कक्षात कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मागितला. तो माझ्याकडे असता तर मी स्वतःच तिथे जाऊन उभी राहिले नसते का? फसवणारा पत्ता देत नाही आणि पत्त्याशिवाय तक्रार घेतली जात नाही, म्हणजे फसवले गेलेल्याने जायचे कुठे, याचे उत्तर एकाही खुर्चीकडे नव्हते. प्रत्येक ठिकाणी माझ्याकडेच संशयाने पाहिले गेले, जणू 6,500 रुपये मीच लंपास केले होते.

पावतीवर जीएसटी क्रमांक आणि पत्ता नसेल तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही, ते मीच शोधून काढले. बाटली, फेस, पावती या सर्वांचे फोटो त्याच वेळी काढून ठेवा. सिंकसाठी सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते, रेषा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने पुसावे, क्षारांचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने काढून लगेच धुवावेत आणि शेवटी सिंक कोरडे करावे. नळ मात्र पुष्कळदा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला असतो, त्याला कोणतेही आम्ल लावू देऊ नका. माझा नळ बदलण्यासाठी आणखी 2,350 रुपये गेले, आणि हीही रक्कम मी तक्रारीत लिहिली आहे.