सासऱ्यांसाठी घेतलेलं ऑनलाइन हेल्थ कोचिंग : श्रावण ते वैशाख

गेल्या श्रावणात आमच्या अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, हेल्थ कोचिंगचं ॲप सुरू केलं. आता वैशाख लागलाय. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. ॲपचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

अण्णा 76 वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहून हयात गेली. आजार म्हणाल तर फक्त बीपी. पण वर्षभरात सदरे अंगावर लोंबायला लागले, जिन्यात मध्येच थांबायला लागले, "लय दमल्यासारखं होतंय" म्हणून दिवसभर पडून राहायला लागले. वय झालं, असंच सगळे म्हणायचे. डॉक्टरांनी मात्र ही फ्रेल्टी, म्हणजे उतारवयात शरीराची ताकद आणि तग खालावणं, आहे असं सांगितलं आणि 2001 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड यांनी मांडलेल्या पाच खुणा समजावल्या : विनाकारण वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचपैकी तीन असल्या की फ्रेल्टी धरतात. अण्णांच्या चार निघाल्या. यावर नुसतं टॉनिक देऊन भागत नाही. ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम, जोडीला पुरेसं खाणं, हे महिनोन्‌महिने चालवावं लागतं. आमच्या घरात सगळे कामावर जाणारे, म्हणून ॲप घेतलं.

यात दोन भाग असतात. एक, ॲप स्वतःहून पाठवतं त्या सूचना, पावलांचे आकडे वगैरे. दुसरा, आठवड्यातून एकदा कोचचा फोन. आमची कोच फिजिओथेरपिस्ट होती, साताऱ्याकडची. पैसे वसूल झाले ते या मुलीमुळे, हे आधीच सांगते.

सुरुवात अवघड गेली. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहिल्यानं अण्णांना ऐकू कमी येतं, त्यामुळे साध्या फोनवर ते नुसतं "हां हां" म्हणायचे. हे तिच्याच लक्षात आलं. तिनं व्हिडिओ कॉल सुरू केला आणि तोंड नीट दिसेल असं उजेडाकडे बसून सावकाश बोलायला लागली. ओठांवरून बोलणं ओळखायची कारखान्यातली सवय अण्णांना होतीच. पहिल्यांदा तिनं विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय करायला जमलं पाहिजे असं वाटतं?" अण्णा म्हणाले, "गड्ड्याला नंदीध्वज उभं राहून बघायचे." गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, आणि नंदीध्वज म्हणजे तिच्या मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्या. मग सगळा व्यायाम त्या दिशेनं आखला गेला.

व्यायाम साधेच. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवायची आणि हात न लावता उठायचं-बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. फोन तांब्याला टेकवून आडवा ठेवायला सांगायची, म्हणजे गुडघे दिसतात. उठताना अण्णा श्वास कोंडतात हे तिनं तिथूनच पकडलं आणि आकडे मोठ्यानं मोजायला लावले. मोजताना श्वास कोंडता येत नाही. अण्णांचा आवाज तर शेजारपर्यंत जातो! आशियाई निकषांप्रमाणे पाच वेळा उठायला-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर कमजोरी समजतात. अण्णांना सुरुवातीला हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नव्हतं. आता 14 सेकंदांत होतं.

पहिल्या महिन्यात उठल्यावर त्यांना गरगरायचं. तिनं व्यायाम थांबवला, बसून आणि उभं राहून बीपी मोजायला सांगितलं, आकडे लिहून डॉक्टरांकडे न्यायला लावले. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसहून जास्त उतरत होता. गोळीला तिनं स्वतः हात लावला नाही, डोस डॉक्टरांनी बदलला. कोचनं असंच वागायला हवं. तुमचा कोच औषधं सुचवायला लागला तर तिथंच थांबा.

खाण्याच्या बाबतीत ॲप अगदीच परकं निघालं. त्याच्या यादीत ओट्स होते, कडक भाकरी नव्हती. वयस्कांना किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. अण्णांचं वजन 51 किलो, म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. आमच्याकडे अंडं चालत नाही. कोचनं आधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारायला लावलं, मग घरातल्या जिनसांवरच बेत बसवला : कवळीला झेपावं म्हणून कडक भाकरी घट्ट वरणात कुस्करून, शेंगाची चटणी भरपूर दह्यात, चारच्या चहाऐवजी दूध, रात्री हुलग्याचं माडगं. हिवाळ्याअखेर वजन दोन किलोनं वाढलं.

आणि जानेवारीत बाळीवेशीजवळ रस्त्याच्या कडेला उभं राहून अण्णांनी सातही नंदीध्वज जाताना पाहिले. घडीची खुर्ची नेली होती, मध्ये एकदाच बसले. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले, आणि मला काय वाटलं ते लिहायला जमणार नाही.

आता तक्रारी. चैत्रात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेलेला असताना ॲप सकाळी अकराला "चालायला निघा" म्हणून सूचना पाठवायचं. वयस्क माणसानं ते खरंच ऐकलं तर? वेळ बदलायची सोय सापडली नाही, शेवटी सूचनाच बंद केल्या. पाणी येण्याच्या दिवशी व्यायाम चुकला की लाल खूण यायची, आणि अण्णा ती बघून खट्टू व्हायचे. सगळ्यात वाईट म्हणजे फेब्रुवारीत न विचारता कोच बदलली. नवा मुलगा भला आहे, पण त्याला अण्णांच्या कानाचं कोणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा "हां हां" सुरू झालं, तीन आठवडे व्यायाम बंद पडला. त्याला सगळं मी सांगितलं तेव्हा गाडी रुळावर आली. अशा सेवेत माणूस बदलताना त्याच्याबरोबर माहितीही पुढे जायलाच हवी.

एकट्या राहणाऱ्या वयस्कांना हे एकट्यानं जमेल असं मला वाटत नाही. फोन लावून द्यायला, पहिले काही महिने शेजारी उभं राहायला कोणीतरी लागतंच.

पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरलेत. भरण्याआधी कोच बदलणार नाही हे लेखी मागून घेतलं. आता अण्णांना पुढच्या महिन्यात अक्कलकोटला एसटीनं जायचंय, त्यामुळे सध्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार चालू आहे.