सव्वादोन लाख डस्ट जांभईत गेली: पोकेमॉन गो, ११ महिन्यांनंतर कोणाला पॉवर अप करायचं आणि कोणाला नाही

गेम काय आहे ते परत सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीय: मोबाईल घेऊन फिरायचं, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे आणि त्यांना लढवायचं. भारतात डिसेंबर २०१६ ला जिओबरोबर ऑफिशियली आला तेव्हा मी पण महिनाभर चालत सुटलो होतो, मग सोडला. मागच्या वर्षी भाच्याने मोबाईलमध्ये परत टाकून दिला आणि तेव्हापासून ११ महिने एक दिवस चुकला नाही. एक रुपया भरलेला नाही आणि भरणार पण नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू कंजूष माणसाचा आहे असं समजूनच वाचा. ज्यांना दर आठवड्याला बॉक्स घ्यायचेत त्यांना यातलं काही लागणार नाही.

लिहायला बसलो कारण रेक्वाझा. ठाण्याच्या तलावपाळीला आम्ही तिघं, मी, भाचा आणि एक कॉलेजातला पोरगा, पाच स्टारची रेड, म्हणजे रेक्वाझा नावाच्या तगड्या पोकेमॉनला सगळ्यांनी मिळून हरवायचं, वेळ ३०० सेकंद. माझ्या टीममध्ये सगळ्यात पुढे स्लेकिंग, सीपी, म्हणजे ताकदीचा आकडा, ४,३०० च्या वर, माझ्याकडचा सगळ्यात मोठा आकडा, अभिमानाने पुढे ठेवलेला. त्याच्यामागे ड्रॅगोनाइट, व्हेपोरिऑन, स्नॉरलॅक्स असं जुनं कुटुंब. वेळ संपली तेव्हा रेक्वाझाची पट्टी पाव शिल्लक. भाच्याने माझा मोबाईल हातात घेतला, टीम बघितली आणि म्हणाला, "मामा, हा जांभया देतोय रे नुसता."

खरंच देत होता. स्लेकिंगचा फास्ट मूव्ह (सारखा मारायचा छोटा फटका) यॉन, म्हणजे जांभईच, आणि तिचं डॅमेज शून्य. शून्य म्हणजे शून्य. चार्ज मूव्ह, म्हणजे मोठा फटका, भरेपर्यंत समोरच्याला ओरखडा पण येत नाही. अंड्यातून निघालेला म्हणून लेव्हल २० ला होता, तिथून ४० ला न्यायला मी २,२५,००० डस्ट (पॉवर अप करायला, म्हणजे लेव्हल वाढवायला लागते ती गेममधली पावडर) घातली होती. सव्वादोन लाख! साधा पोकेमॉन पकडला की १०० डस्ट मिळते, म्हणजे २,२५० वेळा बॉल फेकलाय मी या जांभईसाठी. ऑफिसला जाता-येता, ठाणे स्टेशनच्या पुलावर, दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या. जिममध्ये, म्हणजे गेममधल्या अड्ड्यावर, राखण करायला तो बरा आहे, नाही असं नाही, पण त्या कामाला सव्वादोन लाख कोण घालतं.

त्या रात्री हिशोब मांडला. तो एकदा डोक्यात बसला की कोणता पोकेमॉन बेस्ट हा प्रश्नच बदलतो.

२० ते ३० लेव्हल न्यायला लागतात ७५,००० डस्ट आणि ६६ कँडी (ही त्याच जातीचे पोकेमॉन पकडून मिळते). ३० ते ४० ला दीड लाख डस्ट आणि १८२ कँडी. ४० ते ५० ला अडीच लाख डस्ट आणि वर २९६ एक्सएल कँडी, म्हणजे कँडीचा दुर्मिळ मोठा प्रकार. आता मिळतं काय ते बघा. पहिल्या पाऊण लाखात पोकेमॉनची ताकद साधारण २२ टक्के वाढते. पुढच्या दीड लाखात ८ टक्के. त्यापुढच्या अडीच लाखात ६ टक्के. एवढंच. म्हणजे साडेचार लाखात एकतर दोन पोकेमॉन ४० ला न्या नाहीतर सहाच्या सहा जणांची टीम ३० ला न्या. आता बाजारात असा भाव लावला असता तर आपण भाजीवाल्याशी भांडलो असतो, इथे मात्र पॉवर अपचं हिरवं बटण दिसलं की अंगठा आपोआप जातो.

आणि या बटणावर माझा खरा राग आहे, तो सांगूनच टाकतो. मी खेळतोय तेव्हापासून पोकेमॉनची लेव्हल आकड्यात कुठे दिसलेलीच नाही. सीपी दिसतो मोठ्या अक्षरात. लेव्हल नाही. एक अर्धगोल रेष आहे वर आणि त्यावर एक ठिपका, त्यावरून तुम्ही ओळखा. अरे कशाला? भाच्याची युक्ती सांगतो, हीच या सगळ्या लांबणीतली कामाची गोष्ट: बटणावरच्या डस्टच्या आकड्याकडे बघायचं. तिथे ५,००० पहिल्यांदा दिसले की लेव्हल २९, दोनदा दाबलं की ३०. बस, हात काढून घ्यायचा. ६,००० दिसायला लागले म्हणजे तुम्ही ३१ ला पोचलात, पुढे गेलात. १०,००० दिसले म्हणजे ३९ च्या पुढे, तिथे एका दाबण्यात अर्धी लेव्हल वाढते, सीपी वाढतो वीस-पंचवीस. शंभर पोकेमॉन पकडायचे आणि वीस-पंचवीस सीपी. शॅडो (गेममधल्या व्हिलनकडून सोडवलेला पोकेमॉन) असेल तर सगळा खर्च २० टक्के जास्त, म्हणजे ५,००० च्या जागी ६,००० दिसतील, गोंधळू नका. लकी असेल तर निम्मा, २,५०० दिसतील. ट्रेड, म्हणजे अदलाबदल, करताना नशिबाने लकी झाला की मी तर पेढे वाटायचाच बाकी असतो.

तर आता माझा क्रम. फुकट खेळणाऱ्याचा, रेडसाठी, आणि कँडी सहज मिळते का यावर ठरवलेला.

पहिला मॅमोस्वाइन. हसू नका. केसाळ डुक्कर-हत्ती आहे, कोणी पोस्टर लावत नाही त्याचं. पण पावडर स्नो आणि ॲव्हलॉन्च हे दोन मूव्ह असले की झालं, कुठल्या खास दिवसाची वाट बघायला लागत नाही. स्वायनब हे त्याचं लहान रूप पकडा, २५ कँडी देऊन इव्हॉल्व करा, म्हणजे पुढच्या रूपात न्या, मग १०० कँडी आणि एक सिनोह स्टोन नावाची वस्तू. रेक्वाझा, ड्रॅगोनाइट, सॅलमेन्स, गारचॉम्प, लँडोरस हे सगळे बर्फापुढे डबल वीक, म्हणजे २.५६ पट मार. एवढ्या मोठमोठ्या लोकांना एकटा हा बिनभाड्याचा जनावर पुरून उरतो. मी चार केले, एक आयताच वरच्या लेव्हलचा मिळाला, बाकी तीन ३० ला.

दुसरा रॅम्पार्डॉस. याच्या अटॅकपुढे भलेभले नाहीत, पण अंगात दम नाही, दोन फटक्यात आडवा. चालतंय. हो-ओह, मोल्ट्रेस, चॅरिझार्ड हे खडकाला डबल वीक आहेत, आडवा होईपर्यंत काम करून जातो. क्रॅनिडॉस या लहान रूपाच्या ५० कँडीत तयार. याला तर ३० च्या पुढे अजिबात नेऊ नका, मरणारच आहे तो, जास्त खायला घालून काय करणार.

तिसरा मचॅम्प. काउंटर आणि डायनॅमिक पंच. टायरॅनिटार आला की हाच. आणि मचोक, म्हणजे याचं आधीचं रूप, कोणाशी ट्रेड केला की पुढे इव्हॉल्व करायला कँडी लागत नाही, १०० कँडी वाचल्या. ज्यांच्याकडे ऑरा स्फिअरवाला लुकारिओ आहे ते म्हणतील तो भारी, आहेच भारी, पण रिओलूच्या कँडी तुमच्याकडे आहेत का? माझ्याकडे ३१ आहेत.

मग एक्सकॅड्रिल स्टीलवाल्यांसाठी, शँडेलूर भुताखेतांसाठी. मेटाग्रॉस उत्तम आहे पण फक्त मिटिओर मॅश असेल तरच, आणि इथे मी दुसऱ्यांदा गाढवपणा केला. बेल्डमच्या कँडी जमल्या जमल्या रात्री साडेअकराला घाईघाईत इव्हॉल्व केला, मूव्ह न बघता ५० हजारांची डस्ट ओतली, सकाळी बघतो तर मिटिओर मॅश नाहीच. तो मिळतो ठरावीक इव्हेंटच्या तासांत इव्हॉल्व केलं तर, नाहीतर एलिट टीएम (हवा तो मूव्ह शिकवणारी दुर्मिळ वस्तू) लागतो. एलिट टीएम माझ्याकडे एक आहे आणि तो मी आईच्या पाटल्यांसारखा जपून ठेवलाय, वापरत नाही. तेव्हा आधी इव्हॉल्व, मग मूव्ह बघा, मग डस्ट. आधी डस्ट घालून काही वाचत नाही, खर्च तेवढाच येतो.

म्यूटू, कायोगर, ग्राउडन वगैरे लेजेंडरी मी मुद्दाम वर घेतले नाहीत. ताकदीने ते वरच आहेत, वाद नाही. पण त्यांची कँडी रेडशिवाय सहज मिळत नाही, रेडचा दिवसाला एक फुकट पास, दुसरा चार्ज मूव्ह उघडायला १ लाख डस्ट आणि १०० कँडी. रेअर कँडी (कुठल्याही जातीला चालते ती) साठवून मी एकच म्यूटू ३० ला नेलाय. बाहेरचं हवामान पोकेमॉनच्या टाइपशी जुळलं असताना रेडमध्ये पकडला तर २० ऐवजी २५ लेव्हलचा मिळतो, म्हणजे ३१,००० डस्ट घरबसल्या वाचली, तेव्हा आकाशाकडे बघून पास वापरा.

हे वरचं सगळं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. आता जुलै आहे आणि दोन गोष्टींवर मी पलटलोय.

एक, शॅडो. मी शॅडोचा पक्का विरोधी होतो. २० टक्के जास्त डस्ट मागतात, वर तो फ्रस्ट्रेशन नावाचा दरिद्री मूव्ह गळ्यात घेऊन येतात, जो फक्त ठरावीक इव्हेंटमध्येच काढता येतो. आणि मला आयव्हीचं वेड, म्हणजे अटॅक, बचाव आणि दम यांना ० ते १५ मधले जे जन्मजात पॉइंट असतात त्यांचं. एक शॅडो मचॉप मिळाला होता १३-१३-१३ चा. प्युरिफाय केलं, म्हणजे शॅडोचा साधा केला, की प्रत्येकात २ वाढतात, म्हणजे १५-१५-१५, शंभर टक्के, तीन तारे आणि तो लाल शिक्का. केला ना मी. स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर पण टाकला, काकूने हात जोडलेला इमोजी पाठवला. नंतर भाच्याने हिशोब दाखवला: त्या दोन पॉइंटनी मचॅम्पचा अटॅक १ टक्का पण वाढला नाही आणि शॅडोचा जो २० टक्के जास्त मार होता तो गेला. शॅडो मचॅम्प ३० ला ठेवला तरी साध्या ४० वाल्यापेक्षा जास्त जोरात मारतो. बचाव कमी होतो हे खरं, पण रेडमध्ये घड्याळाशी भांडण असतं. तर आता माझा सुधारित क्रम असा की वरच्या यादीतला कोणीही शॅडोमध्ये मिळाला आणि फ्रस्ट्रेशन निघालेलं असलं तर तो सगळ्यात आधी. आयव्ही कितीही भिकार असू दे. अटॅकचा आयव्ही ० आणि १५ यात म्यूटूला ५ टक्क्यांचा फरक पडतो, सगळं मिळून एवढंच.

दोन, मेगा, म्हणजे पोकेमॉनचं थोड्या वेळापुरतं वाढीव रूप. ३० वर थांबा म्हटलं त्याला हा एक अपवाद. मेगा मैदानात असताना बाकीच्यांच्या त्याच टाइपच्या मूव्हना ३० टक्के वाढ मिळते, म्हणजे तो जेवढा वेळ उभा राहील तेवढा सगळ्यांचा फायदा. टिकावा म्हणून एखाद्याला ३५ पर्यंत नेला तर समजू शकतो. मी नेला नाही अजून. जीव होत नाही.

लीगमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या, मारामारीचं वेगळं गणित आहे, तिथे १,५०० सीपीची मर्यादा असली की अटॅकचा आयव्ही कमी असलेला पोकेमॉन बहुतेक वेळा चांगला ठरतो, अझूमॅरिल वगैरे. त्यात मी फार पडत नाही. हरलो की रात्रीची झोप जाते.

डस्ट कुठून आणायची हे विचारणार तुम्ही. ट्रबिश दिसला की सोडू नका, तो चक्क कचऱ्याची पिशवी आहे पण ७५० देतो. पॅरस ५०० देतो. हवामान जुळलेलं असलं की २५ टक्के वर, म्हणजे सध्याच्या पावसात पाण्यातले, इलेक्ट्रिक आणि किडे १२५ ने मिळतायत. फक्त ओल्या स्क्रीनवर बॉल सरळ जात नाही, मी मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून फिरतो, बाहेरून अंगठा चालतो, लोक बघतात, बघू देत. आणि हवामान जुळलं असताना जंगली पोकेमॉन थेट ३५ लेव्हलपर्यंत मिळू शकतो, असा स्वायनब सापडला तर त्याच्यावर डस्ट घालायलाच नको. माझ्या चारातला एक असाच आलाय, बटणावर ८,००० बघून मी रस्त्यातच थांबलो, मागून रिक्षावाल्याने आवाज दिला तेव्हा बाजूला झालो.

रेक्वाझाचं सांगायचं राहिलं. परत आला तेव्हा तेच तिघं, तोच तलाव. माझे चार मॅमोस्वाइन आणि मागे दोन भरतीचे. शंभरएक सेकंद शिल्लक होते. कॉलेजातला पोरगा म्हणाला, काका, एवढे डुकरं कुठून आणले. भाचा काही बोलला नाही, त्याला शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ, लागला होता.

सध्या डस्ट ६८,४००. भाचा म्हणतो बुधवारच्या रेड अवरच्या (तासभर सगळीकडे रेड असतात त्या) आधी एक्सकॅड्रिल ३० ला ने, २० ला पडलाय कधीचा. ६,६०० कमी पडतायत. पाऊस थांबायच्या आत निघतो.